अहवाल मागितला म्हणजे लढायचं वचन दिलं असं नाही

तैवानबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय: 'तैवानच्या बचावासाठी सैन्य कितपत सज्ज आहे याचा अहवाल देण्याचं बंधन अमेरिकी संसदेनं पेंटागॉनवर (अमेरिकेच्या संरक्षण खात्यावर) घातलंय. म्हणजे चीनने हल्ला केला की अमेरिकेला लढावंच लागेल. असं पहिल्यांदाच घडतंय.' जाणते लोकही हे पुढे पाठवतायत, म्हणून लिहितोय.

आधी 'लढावंच लागेल' हे घेऊ. अमेरिकेचा तैवानशी परस्पर संरक्षणाचा करार एकेकाळी होता, 1954 चा. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बीजिंगच्या, म्हणजे चीनच्या सरकारला मान्यता दिली आणि 1 जानेवारी 1980 ला तो संपला. मागे राहिला अमेरिकेचा 1979 चा तैवान संबंध कायदा. त्याची भाषा नीट वाचा. तैवानचं भवितव्य शांततेखेरीज दुसऱ्या मार्गाने ठरवायचा प्रयत्न, अगदी बहिष्कार किंवा व्यापारबंदीसुद्धा, अमेरिकेसाठी 'गंभीर चिंतेची बाब' असेल. तैवानला बचावाची शस्त्रं पुरवायची, बळजबरीला तोंड देण्याची अमेरिकेची स्वतःची क्षमता राखायची. धोका दिसला तर राष्ट्राध्यक्षांनी संसदेला कळवायचं आणि पुढचं पाऊल दोघांनी मिळून ठरवायचं. बस्स, इतकंच. सैन्य पाठवूच, असं त्यात कुठेही नाही. ही क्षमता आहे का, हे सज्जतेचा अहवाल तपासतो. ती वापरायची की नाही, हे त्यातून ठरत नाही.

बायडेन यांनी तैवानसाठी लढण्याची भाषा केली होती, हे खरं. पण दर वेळी व्हाइट हाऊसने लगेच खुलासा केला की धोरण बदललेलं नाही.

'पहिल्यांदाच' हेही चूक. पेंटागॉनने चीनच्या सैन्याबद्दल दरवर्षी अहवाल द्यावा, ही तरतूद 1999 मधली आहे आणि त्यात तैवानच्या सामुद्रधुनीचा आढावा असतोच.

कायद्यात लिहिलं म्हणजे झालं, ही समजूत खोडायला तर पैशाचाच दाखला पुरे. डिसेंबर 2022 च्या संरक्षण कायद्याने तैवानसाठी 5 वर्षं दरवर्षी 2 अब्ज डॉलरपर्यंत लष्करी अनुदानाला परवानगी दिली. त्याच महिन्यात प्रत्यक्ष पैसे देणारा खर्चाचा कायदा मंजूर झाला, तेव्हा अनुदानाला पैसे नव्हतेच. सोय होती ती कर्जाची.

तैवानने मात्र याचा अर्थ बरोबर लावला: आपली तयारी आपणच करायची. त्या संरक्षण कायद्यावर 23 डिसेंबरला सही झाली आणि 27 तारखेला राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांनी तरुणांची सक्तीची लष्करी सेवा 4 महिन्यांवरून 1 वर्षावर नेत असल्याचं जाहीर केलं.