जिभेच्या मागचे ते दाणे चामखिळी नाहीत

‘जीभ पूर्ण बाहेर काढून आरशात बघा. मागे गोल दाणे दिसले तर त्या चामखिळी. चामखीळ म्हणजे एचपीव्ही आणि एचपीव्ही म्हणजे कॅन्सर. चामखिळीचं औषध लावून लगेच जाळून टाका.’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (एचपीव्ही हा चामखिळी उठवणारा विषाणू.) शेवटच्या वाक्याने माणसाला खरीच इजा होऊ शकते, म्हणून हे उत्तर.

आधी ते दाणे. ते प्रत्येकाच्या जिभेवर असतात. साधारण ८ ते १२, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेले, टोक घशाकडे. प्रत्येक दाण्याचा माथा सपाट आणि भोवती बारीक खंदक. त्या खंदकाच्या भिंतींत रुचिकलिका असतात, म्हणजे हे दाणे जाळायचे तर चव घेणारा अवयवच जाळायचा!

तोंडात असे उंचवटे आणखीही आहेत. जीभ टाळूला लावा. खाली मधल्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकं दिसतील. ती स्वच्छ कापडाने टिपून जरा थांबा, तिथे पाण्यासारखा थेंब जमेल. ती लाळेच्या नळ्यांची तोंडं. वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आतही अशीच एकेक गाठ लागते. ओठांच्या आत दिसणारे पिवळसर कण म्हणजे तैलग्रंथी. या सगळ्यांत एक खूण समान आहे: डावीकडे जे असतं, तेच सहसा उजवीकडेही असतं.

चामखीळ अशी जोडी सांभाळत नाही. ती बहुतेक वेळा एकटीच उगवते: टाळूवर, पडजिभेवर, जिभेवर किंवा ओठावर. मऊ, न दुखणारी, पांढरट किंवा गुलाबी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी.

‘एचपीव्ही म्हणजे कॅन्सर’ हेही चूक. या विषाणूचे २००हून अधिक प्रकार आहेत. तोंडातल्या चामखिळींमागे बऱ्याचदा ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात. घशातल्या कॅन्सरशी मुख्यतः १६ क्रमांकाचा संबंध आहे. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघूनही जातो. आणि तो कॅन्सर टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या पार मुळाशी, आरशात न दिसणाऱ्या जागी होतो. अनेकदा पहिल्यांदा हाताला लागते ती मानेतली गाठ.

आता जाळण्याचं. चामखिळीची औषधं हातापायांच्या जाड कातडीसाठी असतात. तोंडाचं अस्तर नाजूक आणि ओलं, औषधातलं आम्ल लाळेबरोबर पसरतं, भाजतं, पोटात जातं. शिवाय जळालेल्या जागेवरून मुळात काय होतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. खरी चामखीळ असेल तर ते ती जागा बधिर करून काढतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात.

एकाच बाजूला नवा उंचवटा, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, गिळताना त्रास: यांपैकी काही असेल तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या जागेला काहीही लावू नका.