‘लस दिली की पीसीआर पॉझिटिव्ह येणारच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मरतुक सुरू झाली की कोंबडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज हमखास फिरतो. पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकाचा तुकडा वाढवून तो ओळखणारी टेस्ट, हे थोतांड आहे, हा त्याचा सूर. ४० सायकली (तुकडा वाढवायच्या फेऱ्या) चालवल्या की कशातूनही विषाणू निघतो. मेलेला विषाणूसुद्धा पॉझिटिव्ह दाखवतात. चार स्वॅबवर आख्खं शेड मारतात. आणि लस दिलेला पक्षी तर पॉझिटिव्ह येणारच. माझं रोजचं काम याच टेस्टचं, त्यामुळे पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की शेवटचा मुद्दा निम्मा खरा आहे.

आधी सायकली. प्रत्येक सायकलीत हवा तो तुकडा दुप्पट होतो, हे बरोबर. पण शून्याची दुप्पट शून्यच. दर वेळी प्लेटच्या एका खळग्यात नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालतात आणि त्यालाही त्याच ४० सायकली देतात. स्क्रीनवर पॉझिटिव्ह नमुन्यांच्या रेघा वर चढत असताना पाण्याची रेघ तळाशी आडवी पडून राहते. ती उचलली गेली तर आख्खी प्लेट बाद, काम पुन्हा पहिल्यापासून. शिवाय रेघ कितव्या सायकलीला चढली, तेही कळतं. २० ला चढलेल्या आणि ३८ ला चढलेल्या नमुन्यांत विषाणूच्या आरएनएचा (त्याच्या जनुकद्रव्याचा) फरक सुमारे अडीच लाख पटींचा असतो. ३८ ला कशीबशी चढलेली एकुलती एक रेघ पाहून जाणता माणूस निकाल देऊन मोकळा होत नाही, नव्याने नमुने मागवतो.

मेलेला विषाणू? हो, पीसीआरला जिवंत-मेलेला कळत नाही, ती फक्त आरएनए वाचते. शेड धुऊन, औषध फवारून झाल्यावर भिंतीवरून घेतलेला स्वॅब पॉझिटिव्ह आला तर हा प्रश्न जरूर विचारावा. पण पक्षी पटापट माना टाकत असताना त्यांच्याच घशात एच५ चा, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूचा, आरएनए भरभरून सापडला, तर तो मेलेल्या विषाणूचा म्हणून कसा सोडून देणार?

‘चार स्वॅब’वाल्यांनी परभणीचं मुरुंबा आठवावं. जानेवारी २०२१ मध्ये तिथे आधी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या, टेस्ट नंतर झाली. २००६ साली नवापूरलाही क्रम हाच होता. टेस्टमध्ये आधी इन्फ्लूएन्झा ए (बर्ड फ्लूचे विषाणू ज्यात येतात तो मोठा गट) आहे का हे पाहतात, मग एच५ आहे का, मग त्याची जात किती घातक. शेवटचा शब्द भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा. आणि इथे लसीचं कारण तर मुळीच चालत नाही, कारण आपल्याकडे कोंबड्यांना एच५ ची लस देतच नाहीत.

लसीचा मुद्दा खरा ठरतो तो मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये. लासोटा ही जिवंत लस. पाण्यातून पाजली की तो विषाणू काही दिवस घशात वाढतो, आणि साधी पीसीआर त्यालाही ‘राणीखेत पॉझिटिव्ह’ म्हणते. टेस्ट खोटं बोलत नाही. आपण तिला प्रश्नच अर्धा विचारलेला असतो. म्हणून पुढची पायरी असते विषाणूला पेशीत शिरू देणाऱ्या एफ प्रथिनाची. ते जिथे तुटतं, तिथे घातक विषाणूत आर्जिनिन-लायसिनसारखी अमिनो आम्लं दाटीने असतात, लासोटात ती विरळ असतात. इथवर सगळं सरळ वाटतं.

पण आपल्याकडे लेअरवाले (अंड्यांच्या कोंबड्या पाळणारे) आठव्या आठवड्याच्या आसपास आर२बी टोचतात. ही मुक्तेश्वरची जुनी, जरा जहाल लस, आणि तिची तुटण्याची जागा दिसायला घातक विषाणूसारखीच! म्हणजे नुकतीच आर२बी दिलेल्या लॉटमध्ये नुसती ती जागा वाचून ‘घातक राणीखेत’ असा रिपोर्ट निघू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याची बाजू बरीच भक्कम झाली असती. यावरचा इलाज टेस्ट बंद करण्यात नाही, तिला अधिक बारकाईने वाचायला शिकवण्यात आहे. आर२बी जनुकप्रकार ३ मधली, तर आपल्याकडचे रोग आणणारे विषाणू बरेचदा प्रकार १३ मधले. नेमका हा फरक टिपणारे प्रायमर (जनुकाच्या ठरावीक जागी चिकटणारे छोटे तुकडे) वापरले किंवा जनुकाचा लांब तुकडा वाचला, तर लस आणि रोग वेगळे काढता येतात.

खरं सांगायचं तर मला खोट्या पॉझिटिव्हपेक्षा खोट्या निगेटिव्हची धास्ती जास्त. विषाणू बदलतो, प्रायमर चिकटतो त्याच जागी बदलला तर टेस्ट त्याला ओळखतच नाही. म्हणून प्रायमर नव्या विषाणूंशी पुन्हापुन्हा ताडून पाहावे लागतात. पण घोळ बऱ्याचदा त्याच्याही आधी झालेला असतो. थर्माकोलचा डबा उघडावा तर आत बर्फाचं कोमट पाणी आणि कान साफ करायच्या लाकडी काडीवरचा कापूस. लाकडातली आणि विष्ठेतली द्रव्यं पीसीआरचं एन्झाइम अडवतात, उष्णतेने आरएनए तुटतो. प्लास्टिकच्या काडीचा स्वॅब, विषाणूसाठीचं द्रव माध्यम, भरपूर बर्फ आणि त्याच दिवशी गाडी, एवढ्यावर निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं फॉर्मवर असतं. लसीचं नाव आणि तारीख यांचा रकाना बहुतेक वेळा कोराच येतो. मग मी फोन लावून विचारायचं, “दादा, कोणती लस दिली होती?” आणि पलीकडून उत्तर, “तीच हो मॅडम, नेहमीची. निळ्या बुचाची.”