‘कागद बंद, डिजिटल सुरू’ केलं की जाहिरात पर्यावरणपूरक होते का?

पर्यावरण दिन जवळ आला की एक मजकूर कंपन्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: “एक टन कागदामागे सतरा झाडं जातात. कंपन्यांनी छापील जाहिराती बंद करून सगळा पैसा डिजिटलकडे वळवावा. मोबाइलवरच्या जाहिरातीला ना झाड लागतं, ना तिचा कचरा होतो. होर्डिंग एलईडी केलं की फ्लेक्सचा प्रश्नही मिटेल, आणि तोवर जुना फ्लेक्स शेतकऱ्याच्या उपयोगी पडतोच. शिवाय जाहिरात कुठे लावायची हे एजन्सी ठरवते, त्यात कंपनीचा काय दोष?”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण हा मजकूर ज्या माध्यमाला झोडपतो त्याच्याकडे निदान परतीची, म्हणजे पुन्हा वापरात येण्याची वाट आहे, आणि ज्याला सवलत देतो त्याच्याकडे ती जवळपास नाही. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

“एक टन कागदामागे सतरा झाडं जातात”

हा ठोकताळा उत्तर अमेरिकेतल्या लाकडावरून आला आहे. झाड केवढं, कोणत्या जातीचं, लगदा यंत्राने दळून केला की रसायनात शिजवून, यावर तो दुप्पट-निमपट होतो. भारताला तो तसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडचा कागद मुख्यतः वेगळ्याच कच्च्या मालातून बनतो. देशात तयार होणाऱ्या कागदापैकी सुमारे ७० टक्के कागद रद्दीपासून होतो. थोडा उसाच्या चिपाडापासून आणि गव्हाच्या काडापासून बनतो. उरलेल्यासाठी लाकूड लागतं, तेही बहुतांशी शेतात आणि बांधावर लावलेल्या निलगिरी-सुबाभळीचं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानेच उद्योगांना सांगितलं होतं की कच्चा माल जंगलातून न घेता शेतकऱ्यांकडून घ्या.

कागद निष्पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला, तेव्हा कागद गिरण्यांना बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत होता आणि त्याच बांबूसाठी टोपल्या-सुपं विणणारे बुरूड बाजारभाव मोजत होते. जंगल अशा सवलतीने उजाड होतं. याची दुसरी बाजू गडचिरोलीत दिसली. मेंढा-लेखा गावाला २०११ साली सामूहिक वनहक्काखाली आपला बांबू स्वतः विकायचा अधिकार मिळाला, आणि तोडायचा किती, राखायचा किती हे ग्रामसभा ठरवू लागली. दोन्हीकडे बांबूच. फरक होता तो जंगल कोणाच्या हातात आहे आणि त्याला किंमत किती मिळते याचा. हा प्रश्न ‘कागद वाचवा’ या एका ओळीत मावत नाही.

कागदावरचा आणखी एक खरा आक्षेप पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी म्हणून ठरवलेल्या १७ उद्योगांच्या यादीत लगदा आणि कागद आहेच. दुसरा आक्षेप लॅमिनेशनचा. चकचकीत पत्रकावर प्लास्टिकचा थर चढवला की ते लगद्याच्या कामाचं फारसं राहत नाही. पत्रक छापायचं तर साध्या कागदावर छापावं, एवढी अट कंपनीला सहज घालता येते आणि ती घातली पाहिजे.

आता रद्दीकडे बघा. वर्तमानपत्रातली जाहिरात महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते आणि घरात चार पैसे येतात. कोणता कायदा नव्हता तेव्हापासून हे चालू आहे, कारण कागदाला किलोचा भाव आहे. जाहिरातीच्या इतर माध्यमांत वापर संपल्यावर दारात येऊन पैसे देऊन नेलं जाईल असं दुसरं काय आहे?

“मोबाइलवरच्या जाहिरातीला काहीच लागत नाही”

लागते. वीज लागते, आणि भारतातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशावर होते. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आपण एखादं संकेतस्थळ उघडतो तेव्हा जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. आपण कोण, कुठे, काय पाहतो याची माहिती अनेक कंपन्यांच्या सर्व्हरकडे जाते, त्या बोली लावतात, एक जिंकते आणि तिची जाहिरात उतरते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. हरलेल्या बोलींचं कामही कुठल्या तरी सर्व्हरवर झालेलंच असतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे जगभरच्या डेटा सेंटर्सनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या वीजवापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. यात जाहिरात हा एक भाग आहे, सगळं नव्हे. पण नवी मुंबईच्या ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सच्या त्या खिडक्या नसलेल्या इमारती हवेवर चालत नाहीत.

इथे उलट्या बाजूची अतिशयोक्तीही टाळायला हवी. अर्धा तास व्हिडिओ पाहणं म्हणजे काही मैल मोटार चालवणं, असा एक दावा काही वर्षांपूर्वी जगभर गाजला. त्यात बिट आणि बाइटची गफलत झाली होती आणि तो दुरुस्त करावा लागला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणाप्रमाणे तासभर व्हिडिओला पडद्यासह साधारण ०.०७७ युनिट लागतं. त्या सरासरीने भारतात ३० सेकंदांच्या एका जाहिरातीमागे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. ए-५ आकाराच्या ९० जीएसएम (चौरस मीटरला ९० ग्रॅम) कागदावरच्या पत्रकाचं वजनच पावणेतीन ग्रॅम, आणि कागदामागे साधारण त्याच्या वजनाएवढा कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे एका नजरेपुरतं बोलायचं तर डिजिटल हलकं आहे, हे मान्य.

पण कंपनी एक नजर विकत घेत नाही, ती मोहीम घेते. सांगलीतल्या एखाद्या दुकानाने विश्रामबाग परिसरात १० हजार पत्रकं वाटली तर कागद लागतो २८ किलो. किलोमागे साधारण किलोभर कार्बन धरला तरी तीस किलोच्या आसपास. उलट, एक कोटी वेळा दाखवलेली ३० सेकंदांची जाहिरात म्हणजे साडेचार टन. एक कोटी ‘इम्प्रेशन्स’, म्हणजे जाहिरात एक कोटी वेळा दिसणं, हा मोठ्या ब्रँडच्या मीडिया प्लॅनमध्ये किरकोळ आकडा आहे. स्वस्त असल्यामुळे तो कोणी कमी करत नाही, उलट वाढवत नेतं. आणि त्या एक कोटीतले बरेच जण त्या दुकानापासून पाचशे किलोमीटरवर असतात.

वायाही किती जातं ते बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय जाहिरातदार संघटनेने २०२३ साली स्वतःच्या सभासद कंपन्यांचा खर्च तपासला. २१ टक्के इम्प्रेशन्स आणि १५ टक्के पैसा अशा संकेतस्थळांवर गेला होता जी वाचकासाठी नसतात, केवळ जाहिराती दाखवण्यासाठी उभी केलेली असतात. तिथे एका पानावर जाहिरातींची रांग असते आणि त्या दर काही सेकंदांनी बदलतात. ही संकेतस्थळं यादीतून वगळायला कंपनीला एक सूचना द्यावी लागते. तिचे पैसे वाचतात, वीजही वाचते. ‘कागद वाचवा’च्या पोस्टरपेक्षा ही सूचना कितीतरी मोलाची आहे, पण तिचा फोटो काढून सोशल मीडियावर मिरवता येत नाही.

“होर्डिंग एलईडी केलं की प्रश्न मिटला”

प्रश्न मिटत नाही, कचऱ्याच्या ढिगावरून विजेच्या मीटरवर जातो. ४० बाय २० फुटांचा पडदा म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. भर उन्हात दिसायचा तर त्याला प्रखर चालवावं लागतं. चौरस मीटरला सरासरी २०० वॅट एवढंच धरलं आणि पडदा रोज १६ तास चालवला, तरी महिन्याला सात हजारांवर युनिट होतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या सत्तर घरांची ही वीज आहे. एकाच पडद्यावर आळीपाळीने झळकणाऱ्या आठ जाहिरातदारांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठ-नऊ घरांची येते. शिवाय समोरच्या इमारतीतल्या माणसांच्या झोपेचं काय, हे त्या हिशेबात कुठेच नाही. फ्रान्समध्ये रात्री १ ते सकाळी ६ प्रकाशित जाहिराती बंद ठेवायचा नियम आहे. साओ पावलो शहराने तर २००७ पासून रस्त्यावरची होर्डिंगच काढून टाकली, आणि तिथला व्यापार काही बंद पडला नाही.

“जुना फ्लेक्स शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो”

या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे, कारण ते खरं वाटतं. गोठ्यावर, कांदाचाळीच्या बाजूला, ऊसतोड कामगारांच्या कोपीवर जुने फ्लेक्स आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ज्याला ताडपत्री परवडत नाही तो ते वापरतो. त्याला दोष देणारा मी कोण?

प्रश्न त्या वस्तूचा आहे. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेलं पीव्हीसी. दोन वेगवेगळी प्लास्टिकं एकमेकांना अशी चिकटलेली असतात की ती सुटी करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत मिसळलेली रसायनं उन्हात हळूहळू निघून जातात, फ्लेक्स कडक होतो, तडकतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत त्याच्या पापड्या सुटून मातीत पडतात. पावसात त्या ओढ्यात जातात, गुरांच्या चाऱ्यात मिसळतात. उरलेला तुकडा शेवटी चुलीत किंवा शेकोटीत जातो. पीव्हीसीत क्लोरीन असतं. उघड्यावर जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखी विषारी संयुगं बाहेर पडतात, आणि ती त्या कोपीतल्या लेकरांच्या छातीत जातात. कंपनीने शहरात नफा कमावला आणि कचऱ्याचा शेवट गरिबाच्या घरात ढकलला. याला पुनर्वापर म्हणणं मला मान्य नाही.

आकार लक्षात घ्या. ४० बाय २० चा एक फ्लेक्स ३०० जीएसएमचा धरला तर २२ किलोंचा होतो. वरच्या १० हजार पत्रकांच्या २८ किलो कागदाहून हे वजन थोडंच कमी, पण ही एकाच होर्डिंगची एक फेरी. सणासुदीला तो पंधरा दिवसांत उतरतो आणि दुसरा चढतो.

“पण यावर बंदी आहे ना?” असं पुढे विचारलं जातं. १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या प्लास्टिकवर जी केंद्रीय बंदी आली, तिच्या यादीत बॅनर आहेत, पण १०० मायक्रॉनपेक्षा पातळ. बाजारातला नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असल्याने सुटतो. उत्पादकाची विस्तारित जबाबदारीही प्लास्टिकच्या वेष्टनापुरती आहे. बिस्किटाच्या पुड्याचं प्लास्टिक परत गोळा करण्याचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो, त्याच बिस्किटाच्या होर्डिंगचा नाही. केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्स बंद केला. महाराष्ट्रात आपण वाढदिवसाच्या राजकीय फ्लेक्सवर चिडतो, न्यायालयंही त्यावर वारंवार बोलली आहेत, आणि बोललंच पाहिजे. पण रीतसर परवानगी घेतलेल्या, भाडं भरलेल्या कंपन्यांच्या फ्लेक्सचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही.

पर्याय आहेत. सुती कापडावर रंगवणारे पेंटर तालुक्याच्या गावी अजून आहेत, भिंती रंगवणारेही आहेत. मात्र ‘कापडी’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं छपाईचं कापड निखळ पॉलिस्टर असतं, ते घेताना विचारून घ्यावं.

“निर्णय एजन्सीचा, कंपनीचा काय दोष?”

१३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. चौकशी उभारणाऱ्याची आणि परवानगी देणाऱ्यांची झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण अवाढव्य फलक उभे राहतात ते अवाढव्य फलकाला जास्त भाडं देणारे जाहिरातदार असतात म्हणून. माध्यम एजन्सी सुचवते. सही आणि पैसा कंपनीचा असतो.

कायद्याची दिशाही आता तशीच आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायला मनाई केली. तेव्हा “आम्ही कागद बंद केला, आम्ही हरित झालो” असं ग्राहकाला सांगणाऱ्या कंपनीला पुरावा मागता येतो. बहुतेक वेळा कागद बंद करण्यामागे छपाई आणि टपालाचा खर्च वाचवणं हे कारण असतं. खर्च जरूर वाचवा, पण त्यावर झाडाचं चित्र लावू नका.

कंपनीला खरोखर जबाबदारी घ्यायची असेल तर ती वर्क ऑर्डरमध्ये दिसेल. फ्लेक्स किती चौरस फूट लावला, उतरवल्यावर किती किलो परत आला आणि तो कोणाकडे गेला, याची पावती मिळाल्याशिवाय माउंटिंगचं, म्हणजे फलक चढवण्याचं, शेवटचं बिल चुकतं करायचं नाही. डिजिटलसाठी संकेतस्थळांची यादी आधी मागायची आणि एकाच माणसाला तीच जाहिरात किती वेळा दाखवायची यावर मर्यादा घालायची. पडद्यासाठी महिन्याचं मीटर रीडिंग मागायचं. दिवाळीच्या मोहिमांच्या ऑर्डरी गणपतीच्या आधीच निघायला लागतात. ही कलमं त्यात घालायला नव्या कायद्याची गरज नाही, खरेदी विभागाने ती टाइप केली की पुरे.