"बाळ लहान राहिलं की बाळंतपण सोपं": हा मेसेज पुढे ढकलणं थांबवा

"गर्भवतींसाठी जुन्या जाणत्या बायकांचे सहा नियम" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. माझ्या मावसबहिणीला सहावा महिना चालू आहे, तिच्या सासूबाईंनी तो वाचला आणि तिची रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली, आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्याही कपाटात ठेवून दिल्या. बाई वाईट नाहीत, सुनेची काळजी आहे म्हणूनच केलं त्यांनी हे, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय, की काळजी करणाऱ्या माणसाच्या हातून हा मेसेज असलं काम करून घेतो.

पहिला नियम असा: "सहाव्या महिन्यापासून आहार निम्मा करावा, बाळ लहान राहते, सिझर टळते."

यात लहान राहतं ते नक्की काय, हे आधी समजून घ्या. पोटात अन्न कमी पडायला लागलं की बाळाचं शरीर आधी मेंदू वाचवतं. म्हणजे डोकं त्या मानाने फार लहान होत नाही, बारीक राहतात ते स्नायू आणि पोटातले अवयव. आणि बाळंतपणात अडतं ते बहुतेक वेळा डोकंच. म्हणजे जे लहान व्हावं म्हणून आईला उपाशी ठेवताय ते होतच नाही आणि जे वाढायला हवं ते मात्र खुरटतं.

हे कुठल्या परदेशातलं ऐकीव नाहीये, आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांत बघितलेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून तिथल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण ३.५ किलो. पण ही आपली बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. पोटात असताना झालेली अशी आबाळ पुढे डायबिटीसकडे नेऊ शकते, हे याज्ञिक कित्येक वर्षं सांगतायत. घरोघरी चाळिशीच्या आत शुगर निघतेय आणि आपण अजून "बाळ लहानच बरं" म्हणतोय!

त्याच अभ्यासात २००१ साली आलेली एक गोष्ट प्रत्येक सासू-आईने वाचायला हवी. ज्या बायका गरोदरपणात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं वजनाने चांगली होती, नुसत्या जास्त कॅलरींशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे "दोन जिवांची आहेस, दुप्पट जेव" हेही खरं नाही, ते मी मान्य करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने रोज जास्तीचे लागतात ३५० कॅलरी, म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, एवढंच. पण निम्मं? निम्मं कुणीही सांगितलेलं नाही. आदिवासी भागात सरकार अमृत आहार योजनेत गरोदर बाईला रोज एक वेळचं पूर्ण गरम जेवण देतं, ते कशासाठी देतं याचा तरी विचार करा.

आणि हो, फार मोठं बाळ अडू शकतं, हे खरंय. पण त्यामागे बऱ्याचदा आईची गरोदरपणातली शुगर असते, तिच्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. तपासणी करून घ्या, जास्त निघाली तर डॉक्टर सांगतील तसं पथ्य करा. ताट काढून घेणं हा त्याच्यावरचा उपाय नाही.

दुसरा नियम: "लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते, बीट, गूळ, खजूर पुरेसे आहेत." गोळ्यांनी काळी होते ती शी, बाळ नाही. न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून ती काळी दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवत नाही, त्यात लोह फारसं नसतंच, आणि गूळ-खजुराने गरोदरपणाची गरज भागवायची म्हटली तर इतकं खावं लागेल की शुगर आधी वाढेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया होता, आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या होत्या फक्त २६ टक्के जणींनी. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात जास्त रक्तस्राव झाला तर तो सोसायला तिच्या अंगात काही उरलेलं नसतं, तिथे जीव जातो. माझ्या बहिणीला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत होती आणि घरात सगळे "डोहाळे आहेत, पुरवा" म्हणत होते. माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, तेव्हा आधी हिमोग्लोबिन बघा, ११ च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांशी बोला.

गोळ्यांनी मळमळतं, पोट कडक होतं, हा त्रास खरा आहे, ती नाटकं करत नसते. रात्री जेवणानंतर तासाभराने गोळी घ्या, सोबत लिंबूपाणी. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळेपासून लांब ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. तरी झेपत नसेल तर डॉक्टर गोळी बदलून देतील, पण आपल्या मनाने बंद करू नका.

मधले तीन नियम केशर, पपई आणि ग्रहणाचे. केशराने बाळ गोरं होत नाही, रंग आईबापाकडून येतो, आणि सावळं बाळ झालं तर बिघडलं काय? पपईचं थोडं खरं आहे, कच्च्या पपईचा चीक टाळलेलाच बरा, पण चांगल्या पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भपात होत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने ओठ फाटत नाही, बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, त्या वेळी कित्येकींना दिवस गेलेले कळलेलंही नसतं. ग्रहण पाळायला बाईला काही तास पाण्यावाचून कोंडून ठेवणं मात्र नक्की वाईट.

आता सहावा नियम. "गर्भवतीने रडू नये, मन उदास ठेवू नये, नाहीतर मूल मंदबुद्धी व रडके होते. डिप्रेशन हे शहरी लाड आहेत."

हे वाचून मला खरंच भडकायला झालं. जिला आतून काहीच बरं वाटत नाहीये तिला तुम्ही सांगताय की तू रडलीस म्हणून तुझ्या बाळाचं वाटोळं होईल! मग ती रडायची थांबत नाही, लपून रडते, आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. अधूनमधून रडू येणं अगदी साधी गोष्ट आहे, त्याने कुठलंही मूल मंदबुद्धी होत नाही. आई आनंदी असावी हे कोणाला नकोय, पण आनंदात राहा असं फर्मान काढून कोणी आनंदी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत गरोदरपणात १५.६ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के. म्हणजे गरोदरपणातच शंभरातल्या पंधरा-सोळा जणी! हे लाड नाहीत, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. उपचार नाही झाले तर त्या बाईचं खाणं-झोप बिघडते, तपासण्या चुकतात, आणि मग आईचं आणि बाळाचं दोघांचंही नुकसान होतं.

तेव्हा दोन आठवड्यांच्या वर मन उदास आहे, झोप नाही, जेवण जात नाही, कशातच लक्ष लागत नाही असं दिसलं तर "असं करू नये गं" म्हणू नका, पुढच्या तपासणीला सोबत जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. जगणंच नको वाटतंय असं ती बोलली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.