टीपीएम क्लिअर करायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘नवा वर्कस्टेशन लॅपटॉप घेतलात? पहिल्याच दिवशी ही आठ कामं करा’ असा एक मेसेज सध्या डिझाइन, ॲनिमेशन, एडिटिंगवाल्यांच्या ग्रुपांमधून फिरतोय. माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, आज रात्री हे सगळं करून टाकते, चालेल ना?’ ती यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करते. जुन्या मशीनवरचं सगळं चालू काम तिने नुकतंच या नव्या लॅपटॉपवर उतरवलं होतं आणि जुनं मशीन देऊन टाकलं होतं. तिने विचारलं तरी. न विचारता मोकळे होणाऱ्यांचं काय होत असेल, या विचाराने हे लिहायला बसलो.

मेसेजमधली आठ कामं अशी : बॅटरी बारा तास चार्ज करून शून्यापर्यंत तीनदा उतरवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका, वॉरंटी जाते. रॅमचे सगळे स्लॉट भरा, जमलं तर ईसीसी रॅम घ्या, वेग दुप्पट होतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची मूळ प्रणाली) जाऊन टीपीएम क्लिअर करा, एन्क्रिप्शन (डेटाचं कुलूप) निघून जातं आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) सुसाट चालते. कारखान्यातली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) पुसून लिक्विड मेटल लावा. पहिल्या दिवशी पंखा वाजला तर मशीन सदोष समजून परत करा. वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्टिकर बदललेलं गेमिंग कार्ड, म्हणून त्यावर गेमिंगचाच ड्रायव्हर टाका. आणि दर आठवड्याला डीफ्रॅग करा, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र लावा.

झाकण उघडू नका म्हणणारा माणूस तीन ओळींनी खाली प्रोसेसरवरची पेस्ट बदलायला सांगतो. झाकण न उघडता ती बदलायची कशी? लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेजही पुन्हा वाचलेला नाही.

चौथा मुद्दा आधी घेतो. बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी पैसे किंवा वेळ जाईल; याने काम जातं. टीपीएम ही किल्ली सांभाळणारी चिप आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतोच, त्यामुळे आजच्या प्रत्येक विंडोज वर्कस्टेशनमध्ये तो असतो. एन्क्रिप्शन चालू असेल तर एसएसडीवरचा सगळा डेटा कुलपात असतो. मशीन सुरू होताना टीपीएम तपासतो की यंत्रणा तीच आहे, मध्ये कुणी छेडछाड केलेली नाही, आणि मग किल्ली विंडोजच्या हातात देतो. त्यानंतर फाइल वाचताना-लिहिताना जे उलगडणं-गुंडाळणं चालतं, ते प्रोसेसर करतो. टीपीएमचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

आता टीपीएम क्लिअर केला तर काय होतं? किल्ली पुसली जाते. कुलूप आहे तिथेच राहतं. डेटा पूर्वीइतकाच एन्क्रिप्टेड, एसएसडी पूर्वीइतकीच वेगवान किंवा मंद, फक्त तुम्ही दाराबाहेर. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती असेल तर आत जाता येतं. नसेल तर त्या डिस्कवरचं काम गेलं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की हरवलेली की त्यांचा सपोर्ट विभाग शोधून देऊ शकत नाही किंवा नव्याने बनवूनही देऊ शकत नाही. ज्या कुलपाची हरवलेली किल्ली कंपनीही परत देऊ शकत नाही, त्याबाबत ‘पहिल्या दिवशी सहज करून टाका’ असं लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आला.

‘मी कधी एन्क्रिप्शन लावलंच नाही’ यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नवं मशीन सुरू केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू होतं, आणि विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी आणखी सैल झाल्या आहेत. म्हणजे ते चालू आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघा; प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच एन्क्रिप्शन, बघा.

एन्क्रिप्शनने एसएसडी मंदावते या म्हणण्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्रोसेसरकरवी चालणाऱ्या एन्क्रिप्शनमुळे एसएसडीचा वेग काही प्रमाणात कमी होतो, विशेषतः बारीकसारीक तुकड्यांच्या वाचन-लेखनात. तो वेग कुणाला हवाच असेल तर एन्क्रिप्शन विंडोजच्या सेटिंग्जमधून रीतसर बंद करायचं. मग डिस्क हळूहळू उलगडली जाते आणि कुलूपच निघतं. पण लॅपटॉप चोरीला गेला तर ग्राहकाची सगळी ड्रॉइंग्ज चोराला उघडी मिळतील, हेही तेव्हाच ठरवून घ्यायचं. मी बंद करणार नाही आणि भाचीलाही करू देणार नाही.

अपग्रेडच्या वेळीही हीच गोष्ट आडवी येते. बायोस अपडेट केला किंवा जुनी एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी तो निळा पडदा समोर येऊ शकतो. म्हणून कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवायची आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचा नाही. बायोस अपडेटपूर्वी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करायचं, म्हणजे तात्पुरतं थांबवायचं. पहिल्या दिवसाचं खरं काम हे आहे, आणि ते त्या आठांत कुठेही नाही.

आता झाकण. लेनोव्होचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल, डेलचं सर्व्हिस मॅन्युअल, एचपीची मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड ही सगळी फुकट आणि उघडपणे उपलब्ध आहेत. आपल्या मॉडेलचं नाव टाकलं की सापडतात. त्यांत कुठला स्क्रू कुठे, झाकण कुठल्या कडेपासून उचलायचं, रॅम आणि एसएसडी कशी काढायची, हे चित्रांसकट दिलेलं असतं. लेनोव्हो तर कुठला भाग ग्राहकाने स्वतः बदलायचा आहे याची वेगळी यादीच देते. झाकण उघडताक्षणी वॉरंटी जात असती, तर कंपनीने हे कशाला छापलं असतं? उघडताना तुम्ही काही मोडलंत तर ते तुमच्या गळ्यात, बाहेरून आणलेल्या रॅमची जबाबदारी लॅपटॉपच्या कंपनीवर नाही, हे रास्तच आहे. मात्र त्या मॅन्युअलमधली एक पायरी कधीही गाळू नका : आधी बॅटरीची वीज तोडायची. लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये बायोसच्या पॉवर विभागात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ असा पर्याय असतो. तो निवडला की मशीन बंद होतं आणि चार्जर पुन्हा लावेपर्यंत बॅटरीतून आत वीज जात नाही. इतर मशीनांत झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची केबल सोडवायची.

रॅमच्या बाबतीत मेसेज थोडा बरोबर, बराच चूक. मशीन एकाच स्टिकसह आलं असेल तर तशीच दुसरी लावल्याने फायदा होतो, कारण मेमरीच्या दोन्ही वाटा वापरात येतात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालत असेल तर हा फरक डोळ्यांना जाणवतो. पण चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरले की कित्येक मशीनांत रॅमचा वेग खाली येतो. तो किती येतो, हे त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं. काम बत्तीस जीबीत मावत असेल तर चौसष्टने ते पळायला लागत नाही. आपली सर्वांत जड असेंब्ली (सुटे भाग जोडलेली डिझाइनची फाइल) उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा आणि मग खरेदीचं ठरवा. त्याआधी रॅम बदलता येते का, तेही बघा. पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. काहींत आता कॅम प्रकारचं सपाट मॉड्यूल येतं : डेलने ते २०२२ मध्ये प्रिसिजन ७६७० मध्ये आणलं आणि मेमरीची प्रमाणं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे प्रमाण जाहीर केलं. तिथे नेहमीची सोडिम (लॅपटॉपच्या रॅमची पट्टी) घेऊन जाल तर तशीच परत आणाल. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यासुद्धा एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळी असते.

ईसीसीने वेग वाढत नाही. ती मेमरीतली एका बिटाची चूक पकडून दुरुस्त करते, एवढंच तिचं काम, आणि रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनसाठी ते मोलाचं आहे. पण प्रोसेसर आणि बोर्ड दोघांचीही तिला साथ लागते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत जी दुरुस्तीची सोय असते तिला ईसीसी म्हणून खपवणारे आहेत, त्यांच्यापासूनही सावध राहा.

एक गोष्ट मेसेजमध्ये असायला हवी होती. नवी डीडीआर५ रॅम लावल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, चित्र काही नाही. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका, थांबा.

लिक्विड मेटलबद्दल एवढंच : त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं आणि तो द्रव वीज वाहतो. रोज बॅगेतून ये-जा करणाऱ्या लॅपटॉपमध्ये त्याचा एक थेंब सरकला तर बोर्ड शॉर्ट. नव्या मशीनच्या हीटसिंकला हात लावायचं काही कारण नाही.

पंखा पहिल्या दिवशी वाजणारच. मागे अपडेट उतरत असतात, सर्चची सूची बनत असते, क्लाउडवरच्या फाइली येत असतात. हे सगळं निवल्यावर आपली स्वतःची जड फाइल अर्धा तास रेंडरला लावा आणि प्रोसेसरचा वेग टिकतो का ते बघा. मशीनसोबत आलेला चार्जरच लावून बघा. २३० वॅट मागणाऱ्या मशीनला शंभर वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर ते चालतं, पण दबून चालतं, आणि दोष मशीनला दिला जातो.

ग्राफिक्सचं म्हणणं निम्मं खरं. चिप बहुधा गेमिंग कार्डाच्याच कुळातली असते. फरक ड्रायव्हरचा आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमाणपत्राचा. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली रिअलव्ह्यू ही वस्तू खरीखुरी दाखवणारी सोय व्यावसायिक कार्डासाठीच आहे, आणि भाचीचं रोजचं काम सॉलिडवर्क्समध्येच चालतं. असा ड्रायव्हर काढून गेमिंगचा का टाकायचा? नावापेक्षा त्या लॅपटॉपमध्ये कार्डाला किती वॅट मिळतात ते विचारा. एकाच नावाची कार्डं त्यावरून बरीच मागेपुढे होतात.

बॅटरी शून्यापर्यंत उतरवायची रीत निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियम-आयन बॅटऱ्या १९९१ पासून बाजारात आहेत, त्यांना पूर्ण उतरवणं उलट बाधतं. मशीन कायम चार्जरवरच असेल तर ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावा. आणि एसएसडीला डीफ्रॅगची गरज नसते. तिच्यासाठी लागणारं ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करणं) विंडोज स्वतःच करतं.

ज्यांनी चौथं काम आधीच उरकलंय आणि आता निळ्या पडद्यासमोर बसलेत, त्यांनी फॉरमॅट करू नका, विंडोज पुन्हा टाकू नका. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि तिथल्या रिकव्हरी कीच्या पानावर बघा. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याचे सुरुवातीचे अंक-अक्षरं जुळवून योग्य की निवडा. ऑफिसचं मशीन असेल तर की बहुधा आयटीवाल्यांकडे नोंदलेली असते. घरात दुसऱ्या कुणी आपल्या खात्याने हे मशीन पहिल्यांदा सुरू केलं असेल तर त्यांच्याही खात्यात शोधा.