बॅटमोबीलचं मूळ फ्युचुरात नाही

बॅटमनच्या गाडीबद्दल एक मजकूर फोटोंसकट सतत फिरत असतो: ‘कॉमिकमधली बॅटमोबील १९५५च्या लिंकन फ्युचुरावरून काढली, त्याआधीची गाडी म्हणजे १९३६ची कॉर्ड ८१०, आणि फ्युचुराच्या बॅटमोबीलमध्ये खरं टर्बाइन, म्हणजे जेट विमानासारखं इंजिन होतं.’ फ्युचुरा ही लिंकन कंपनीची प्रदर्शनासाठी बनवलेली गाडी, कॉर्ड ही एक जुनी अमेरिकन गाडी. यातलं एकही विधान टिकत नाही.

फ्युचुरावरून कॉमिक

तारखाच बघा. मे १९३९मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमन आला, तेव्हा त्याच्याकडे साधी लाल गाडी होती. ‘बॅटमोबील’ हे नाव ४८व्या अंकात पडलं, फेब्रुवारी १९४१मध्ये. त्याच वर्षी ‘बॅटमन’च्या पाचव्या अंकात पुढे वटवाघळाचं तोंड आणि मागे एकच उभा पंख असलेली गाडी आली. फ्युचुरा शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दिसली ती जानेवारी १९५५मध्ये!

‘छताऐवजी असलेला पारदर्शक घुमट तरी फ्युचुराचाच ना?’ नाही. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा फेब्रुवारी १९५०चा १५६वा अंक उघडा. जुनी गाडी मोडल्यावर डिक स्प्रँग यांनी रेखाटलेल्या नव्या गाडीला घुमट आहेच.

फ्युचुराचा खरा संबंध १९६६च्या टीव्ही मालिकेशी. इटलीतल्या तूरिनच्या घिया या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने हाताने घडवलेली ही प्रदर्शनी गाडी, गाड्यांना नवं रूप देणारे जॉर्ज बॅरिस यांच्याकडे होती. जोडघुमट आणि मागचे दोन पंख तिला मुळातच होते. बॅरिस यांच्या कारागिरांनी नाकाला वटवाघळाचा मुखवटा दिला, पंखांच्या कडा कातरल्या, काळा रंग चढवून चकाकत्या लालसर रेघा मारल्या. मुखवट्याची कल्पना कॉमिकमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीच आली होती, म्हणजे उसनवारी झाली ती कॉमिककडून गाडीकडे.

लाल गाडी म्हणजे कॉर्ड

२७व्या अंकात लाल गाडी कुठल्या कंपनीची हे कुठेच दिलेलं नाही, आणि नुसत्या लाल रंगावरून कॉर्ड ठरत नाही. कॉर्डच्या खुणा ठरलेल्या आहेत: बोथट, चौकोनी नाक, त्याला वळसा घालणाऱ्या आडव्या पट्ट्या, दाराखाली पायरी नाही, आणि मडगार्डमध्ये लपलेले हेडलाइट. डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना एकेक हँडल असे आणि ते फिरवून त्या-त्या बाजूचा दिवा वर काढावा लागे. चित्रात या खुणा दाखवा, मग कॉर्ड म्हणा.

खरं टर्बाइन

टीव्हीवरच्या बॅटमोबीलमध्ये टर्बाइन नव्हतं, लिंकनचं सहा लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन होतं. मागून निघणारी ज्वाळा फक्त कॅमेऱ्यासाठी. चित्रीकरणात गाडी तापायची, बॅटरी उतरायची, टायर फुटायचे. शेवटी फोर्ड गॅलक्सीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवावा लागला.

मूळ गाडीवरून साचे घेऊन बॅरिस यांनी फायबरग्लासच्या प्रतीही केल्या. त्यांच्याखाली गॅलक्सीची लांबवलेली चासी, म्हणजे खालचा सांगाडा आहे. मूळ गाडीची बॉडी पोलादी. समोरची गाडी कोणती असा प्रश्न पडला, तर फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दारावर टेकवा. फायबरग्लासला ते धरत नाही.