इंग्लंडच्या कुरणांतील वरंबे आणि महाप्रलयाची थाप

मेहुण्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला एक संदेश आता भाच्याच्या दहावीच्या प्रकल्पात शिरू पाहतो आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मध्य इंग्लंडच्या कुरणांवर विमानातून दिसणाऱ्या समांतर लाटा म्हणजे महाप्रलयाचे ठसे किंवा रोमनांचे कालवे होत. नांगरट असती तर रेषा सरळ आल्या असत्या आणि मातीचे उंचवटे इतकी शतके टिकलेच नसते, असा त्यातील दावा आहे.

खरे तर या लाटा म्हणजे जुन्या नांगरटीने उभे राहिलेले मातीचे वरंबे आहेत. संदेशातला वाकड्या रेषांचा मुद्दा बैलांमागे कधीही न चाललेल्या माणसालाच सुचू शकतो. मध्ययुगात तिथल्या जड चिकण मातीत आठ बैलांचा, म्हणजे एकामागे एक जुंपलेल्या चार जोड्यांचा नांगर चाले. एवढी लांब रांग धुऱ्यावर जागच्या जागी वळत नाही. तास संपण्याआधीच पुढची जोडी डावीकडे वळवावी लागते आणि त्यामुळे नांगरल्या जाणाऱ्या जमिनीच्या पट्टीला उलट्या ‘एस’सारखा बाक येतो. नांगर माती नेहमी उजवीकडे पलटे आणि नांगरट पट्टीच्या मध्यापासून उजवीकडे फेर घेत बाहेर जाई. म्हणून माती वर्षानुवर्षे मध्याकडे सरकून साधारण 5 ते 10 मीटर रुंदीचा वरंबा उभा राहिला. आपल्या उसातला सरी-वरंबा एका हंगामाचा असतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

प्रलयाविषयी फार बोलण्याची गरज नाही. एका तुकड्यातील वरंबे उत्तर-दक्षिण, लगतच्या तुकड्यातील पूर्व-पश्चिम आणि मध्ये धुरा, अशी मांडणी पाणी करीत नाही. शिवाय मॉरिस बेरेसफर्ड या इतिहासकाराने 1948 मध्येच जुने शेतनकाशे आणि हवाई छायाचित्रे ताडून पाहिली होती. नकाशावरच्या पट्ट्या आणि जमिनीवरचे वरंबे जुळले. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्सटनचा 1635 चा नकाशा तर कोणती पट्टी कोणाकडे होती हेही दाखवतो.

कालव्यांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: सऱ्यांतून पावसाचे पाणी वाहून जाई. परंतु शेतातले पाणी काढणे आणि शेताला पाणी देणे यांत फरक आहे. सगळेच वरंबे मध्ययुगीन नाहीत, हेही खरे. अरुंद आणि अगदी सरळ असलेले बरेचसे एकोणिसाव्या शतकातले आहेत.

राहिला टिकण्याचा प्रश्न. 1348-49 च्या प्लेगनंतर माणसे कमी झाली, लोकरीला भाव होता, आणि पुढे संसदेच्या कायद्यांनी खुल्या, म्हणजे कुंपण नसलेल्या आणि पट्ट्यापट्ट्यांनी वाटून कसल्या जाणाऱ्या, शेतांना कुंपणे पडली. अशी पुष्कळ जमीन नांगराखालून निघून गवताखाली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जिथे ट्रॅक्टर फिरला, तिथले वरंबे सपाट झाले. संदेशासोबतच्या छायाचित्रात मात्र अजून गवत आहे आणि त्या तथाकथित लाटांवर मेंढ्या चरत आहेत.